फोन ९४ टक्के, बोट शून्य

पहाटेचे पाच वाजले होते. फेब्रुवारीचा गार वारा, अंगावर दोन-दोन जॅकेटं, उजव्या हाताला लांबवर खांदेरीचं दीपगृह लुकलुकत होतं. शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवतायत? परीक्षेपुरते पाठ केलेले? त्यातला मतलई वारा, म्हणजे रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, आमच्या शिडात भरला होता. मुरूडहून रात्री साडेअकराला निघालेली आमची सव्वीस फुटी शिडाची बोट चार-साडेचार नॉटनं मुंबईकडे चालली होती. सुकाणू माझ्या हातात. बोटीचे मालक काका (बाबांचे मित्र, रिटायर्ड मरीन इंजिनीअर) डोळे मिटून बसले होते, पण झोपलेले नव्हते. मावसभाऊ आत खरंच झोपला होता.

आधी नकाशा दाखवणारा चार्टप्लॉटर बंद पडला आणि आपोआप पुन्हा सुरू झाला. मला वाटलं, सॉफ्टवेअर. दहा मिनिटांनी परत तेच. आणि मग समोर एक जहाज दिसलं.

रात्री जहाज दिसत नाही, त्याचे दिवे दिसतात. लाल दिसला तर ती जहाजाची डावी बाजू, हिरवा दिसला तर उजवी. आणि लाल-हिरवा दोन्ही एकदम दिसले, वर दोन पांढरे दिवे एका रेषेत एकाखाली एक दिसले, तर त्याचं तोंड थेट तुमच्याकडे आहे. आम्हाला चारही दिवे दिसत होते.

नियमानं इंजिनवर चालणाऱ्या जहाजानं शिडाच्या बोटीला वाट द्यायची असते. पण त्यासाठी ती बोट त्यांना दिसायला हवी. काकांनी मान वर करून डोलकाठीच्या टोकाकडे पाहिलं. तिथला आमचा तिरंगी दिवा विडीच्या टोकाएवढा उरला होता. ते उठून रेडिओकडे गेले. रेडिओ छान चालू होता, कुठल्या तरी दोन बोटींच्या गप्पा ऐकू येत होत्या. त्यांनी बोलायचं बटण दाबलं आणि रेडिओ विझला. बटण सोडलं, परत चालू. दाबलं, बंद. मग इंजिनची चावी फिरवली. कट. कट. कट.

‘टॉर्च आण. शिडावर मार.’

मी आतून टॉर्च आणला आणि शिडावर मारला. पांढरं शीड अंधारात एकदम पडद्यासारखं उजळलं. किती वेळ तो तसा धरून बसले कोण जाणे, हात दुखायला लागला होता. जहाज आमच्या मागून गेलं. आमच्यामुळे वळलं की त्याचा रस्ताच तसा होता, हे मला आजही माहीत नाही.

मोठी जहाजं येऊ शकत नाहीत अशा कमी खोल पाण्याकडे सरकून आम्ही उजाडायची वाट पाहिली. वारा पडत आला होता. मुंबई गाठेपर्यंत अकरा वाजले, तेही नुसत्या शिडावर. सकाळी मी फोन बघितला. ९४ टक्के.

लेबलवर शंभर, आत बेचाळीस

मी इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगच्या थर्ड इयरला आहे. बॅटरीवर व्हायवात उत्तरं दिली आहेत. त्यामुळे त्या रात्रीची लाज माझ्या वाट्याला जरा जास्तच आली. काकांनी ओरडायला हवं होतं, पण ते फक्त म्हणाले, ‘अगं, तू शिकतेस ना हे? मग ही बॅटरी घरी ने आणि तिला काय झालंय ते मला सांग.’

बॅटरीवर छापलं होतं, १२ व्होल्ट, १०० एएच. रात्रभर चार्जिंगला लावली, मग काढून पाच-सहा तास तशीच ठेवली आणि मल्टिमीटर लावला. १२.६ व्होल्ट. म्हणजे फुल! बहुतेक जण इथेच थांबतात आणि बॅटरी ‘चांगली आहे’ म्हणतात. पण व्होल्टेज म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी. टाकी मुळात केवढी आहे ते त्यातून कळत नाही. तळाला दगड भरलेल्या टाकीतही पातळी वरपर्यंत दिसतेच.

टाकी मोजायला एक साधा उपाय आहे. १०० एएच हा आकडा बहुतेक वेळा वीस तासांच्या हिशेबानं दिलेला असतो. म्हणजे ५ अँपिअर सतत घेतले तर नवी बॅटरी वीस तास चालावी आणि शेवटी व्होल्टेज १०.५ वर यावं. गाडीच्या हेडलाइटचा ६० वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर बरोबर ५ अँपिअर घेतो. मी गॅरेजमधून जुना बल्ब आणला, बाल्कनीत फरशीवर ठेवला (हे बल्ब भयंकर तापतात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवू नका, मी ठेवला होता) आणि घड्याळ लावलं. आठ तास वीस मिनिटांनी १०.५ आले. पाच गुणिले आठ पूर्णांक एक तृतीयांश. साधारण ४२.

असं पूर्ण रिकामं करणं बॅटरीला मानवत नाही, त्यामुळे चांगल्या बॅटरीवर हा प्रयोग उगाच करू नका. आमची आधीच गेलेली होती.

ती गेली का, याचं उत्तर तिच्या जन्मातच होतं. दुकानदारानं ‘एकदम हेवी ड्यूटी’ म्हणून जी दिली, ती ट्रकची बॅटरी होती. इंजिन सुरू करायला लागतो तो एका क्षणाचा प्रचंड करंट, दोनशे-तीनशे अँपिअर, तीन-चार सेकंद. म्हणून या बॅटऱ्यांत शिशाच्या पातळ पातळ आणि पुष्कळ प्लेट्स असतात. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर खर्च भरून काढतो. अशी बॅटरी कधी फारशी रिकामी होतच नाही. तिला रात्रभर दिवे आणि रेडिओ चालवायला लावलं, अर्ध्याखाली नेलं, पुन्हा पुन्हा नेलं, की पातळ प्लेट्सवरचा माल झडतो. हळूहळू आणि खोलवर रिकामं होण्यासाठी डीप सायकल बॅटऱ्या वेगळ्या असतात. त्यांच्या प्लेट्स जाड. लोडशेडिंगच्या गावांत घरोघरी असलेली इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी त्याच जातीची.

मग तीच का नाही लावायची? मीही हेच विचारलं. काकांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास तिरका केला. बोट शिडावर चालते तेव्हा वीस-पंचवीस अंश एका बाजूला कलंडलेली असते, तासन् तास. उघड्या झाकणांची, अॅसिडचं पाणी भरलेली उंच बॅटरी तिथे गळणार. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, बंद केबिनमध्ये तो साठला तर ठिणगी पुरेशी आहे. आणि आत समुद्राचं पाणी शिरलं तर क्लोरीन वायू तयार होऊ शकतो. जुन्या पाणबुड्यांतल्या लोकांना ही भीती चांगली ठाऊक होती.

आमच्या बॅटरीचं दुसरं दुखणं जास्त कॉमन आहे, तुमच्या घरच्या इन्व्हर्टरलाही होतं. शिशाची बॅटरी अर्धवट भरलेली राहिली की प्लेट्सवर लेड सल्फेटचे बारीक कण जमतात. लगेच पूर्ण चार्ज केली तर ते विरघळतात. तसंच आठवडाभर ठेवलं तर त्यांचे कडक खडे होतात आणि तेवढी प्लेट कायमची बाद. आमची बोट रविवारी बोयाला बांधायची, पुढच्या शनिवारी काढायची. मधले सहा दिवस बॅटरी अर्धपोटी. गंमत म्हणजे तिला पोटभर जेवायलाही वेळ लागतो. ऐंशी टक्क्यांपर्यंत पटापट भरते, शेवटच्या वीस टक्क्यांना कित्येक तास घेते. इंजिनावर ३५ अँपिअरचा अल्टरनेटर आहे म्हणून काका निश्चिंत होते. प्रत्यक्षात ती म्हातारी बॅटरी जेमतेम सात-आठ अँपिअर घेत होती. अख्ख्या वीकेंडला इंजिन चाललं तासभर. म्हणजे जमा झाले सात.

वहीतला हिशेब

मग मी त्या वीकेंडचा खर्च मांडला. अँपिअर गुणिले तास, एवढंच गणित.

चार्टप्लॉटर एक अँपिअर, एकूण साडेतेरा तास. झाले साडेतेरा. शनिवारी रात्री मुरूडला नांगर टाकून होतो, तेव्हाचा दहा वॉटचा नांगर-दिवा अकरा तास, नऊ. केबिनमधले दोन पिवळे बल्ब तीन तास, पाच. डोलकाठीवरचा पंचवीस वॉटचा तिरंगी दिवा दोन अँपिअर घेतो, साडेपाच तासांचे अकरा. रेडिओ नुसता ऐकायला ०.४ अँपिअर, चौदा तासांचे साडेपाच. (बोलायला मात्र पाच-सहा अँपिअर एकदम. म्हणून मरत्या बॅटरीवर रेडिओ ऐकू येतो आणि बटण दाबलं की विझतो. तुमच्या कधी नजरेस पडलं तर समजा, वेळ फार उरलेला नाही.) उरलेले नऊ, तीन फोन आणि माझी पॉवरबँक.

एकूण त्रेपन्न. बॅटरीत बेचाळीस, इंजिननं भरले सात. एकोणपन्नास. चार कमी पडले.

माझ्या २०,००० एमएएचच्या पॉवरबँकनं एकटीनं सहा-सात घेतले होते. हा आकडा पाहून मी वही मिटली आणि थोडा वेळ गच्चीवर जाऊन आले.

पॉवरबँकचे २०,००० एमएएच म्हणजे २० एएच ना, मग बोटीचे २० जायला हवेत, असं कुणी म्हणेल. पण पॉवरबँकचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ७४ वॉट-तास. १२ व्होल्टनं भागलं की सहा. दोन बॅटऱ्यांची तुलना करताना एएच नाही, वॉट-तास बघायचे. ई-स्कूटर घेतानाही हेच.

आता खरी चिडायची गोष्ट. तेच सगळे दिवे एलईडीचे असते तर? तिरंगी दिवा पाव अँपिअरवर येतो, म्हणजे अकराचा दीड. नांगर-दिवा नवाचा दीड, केबिन पाचाचे एक. त्रेपन्नाचे बत्तीस. म्हणजे ती मोडकी बॅटरीसुद्धा त्या रात्री आम्हाला आरामात घरी घेऊन आली असती. मोठी बॅटरी घेण्याआधी बल्ब बदला, हे कुठल्याही दुकानात कुणी सांगत नाही, कारण बल्बमध्ये त्यांना काय मिळणार!

याच्या पुढचा प्रश्न मी काकांना विचारला की ऑटोपायलट लावला तर? सुकाणू स्वतः धरणारं ते यंत्र सरासरी दोन-अडीच अँपिअर घेतं, बारा तासांचे तीस. लांबच्या प्रवासाला सगळं धरून चोवीस तासांचे ८५-९० होतात. त्यात फ्रिज आला तर आणखी पन्नास-साठ. काका म्हणाले, ‘फ्रिज नको. ससून डॉकला बर्फ मिळतो.’ विषय संपला.

मुंबईत बांधलेली एक बोट

ऑटोपायलटवरून काकांनी मला सुहैलीची गोष्ट सांगितली. मी नाव ऐकलं होतं, पण ती बोट मुंबईत बांधलेली आहे हे माहीत नव्हतं. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशानं साठच्या दशकात मुंबईत सागवानाची ३२ फुटी बोट बांधून घेतली आणि १९६८-६९ मध्ये तिच्यातून एकट्यानं, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो जगातला पहिला. त्या प्रवासात बॅटरी तपासताना अॅसिड उडून त्याच्या डोळ्यात गेलं. जवळच्या बंदराकडे वळावं का, असा प्रश्न त्याच्यापुढे होता, तो पुढे गेला. रेडिओचा ट्रान्समीटर बंद पडला. न्यूझीलंडनंतर चार महिन्यांहून जास्त काळ तो कुठे आहे हे जगात कुणालाच माहीत नव्हतं.

त्याच शर्यतीची आठवण म्हणून २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब रेस पुन्हा सुरू झाली, त्या काळातल्याच साधनांवर, जीपीएसशिवाय. आपला अभिलाष टॉमी तेव्हा सुहैलीच्या धर्तीवर गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’वर होता. हिंदी महासागरात वादळात डोलकाठी मोडली, पाठ जायबंदी झाली, त्याला वाचवावं लागलं. २०२२ च्या रेसमध्ये तो परत उतरला आणि २०२३ मध्ये दुसरा आला. या रेसमधल्या बोटी दिशा धरतात त्या विंडवेनवर. मागे लावलेलं एक पातं, वाऱ्यानं हलतं, त्याच्या जोरावर सुकाणू फिरतं. वीज लागते शून्य. पाय मोडलेल्या माणसानं लिफ्ट शोधण्यापेक्षा तळमजल्यावर घर घेतल्यासारखं आहे हे. मला फार आवडलं.

आणि दुसरं टोक बघा. नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघी २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून ‘तारिणी’वर निघाल्या आणि २९ मे २०२५ ला जग फिरून परत आल्या. बोटीवर माणसं दोनच. अशा प्रवासात एक झोपली की दुसरी एकटी. सॅटेलाइट फोन, हवामानाची माहिती, आजूबाजूची जहाजं दाखवणारी यंत्रणा, या सगळ्याला वीज लागते, आणि समुद्राच्या मध्यावर सॉकेट नसतो.

शिसं की लिथियम?

पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढली आणि माझी सुट्टी सुरू झाली. काका शिशाच्या बाजूचे, मी लिथियमच्या. महिनाभर व्हॉट्सअॅपवर भांडलो.

काकांचा मुद्दा असा की शिशाची बॅटरी १८५९ पासून आहे. गास्तों प्लाँते या फ्रेंच माणसानं शोधली. तिची सगळी दुखणी माहीत आहेत, कोकणातल्या कुठल्याही बंदराच्या गावात मिळते आणि मरताना आधी खोकते. दिवे मंद होतात, तुम्हाला कळतं. बंद प्रकारची एजीएम घेतली तर गळतही नाही, पाणीही घालावं लागत नाही. सगळं खरं होतं.

माझा मुद्दा वापराचा होता. शिशाची बॅटरी टिकवायची तर अर्ध्याखाली नेऊ नये. आणि समुद्रावर ती ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर क्वचितच भरते. म्हणजे शंभरातले कामाचे तीस-पस्तीस. लिथियम आयर्न फॉस्फेट, एलएफपी म्हणतात ती, शंभरातले ऐंशी बिनधास्त देते, जवळपास शेवटपर्यंत सारख्याच वेगानं भरते, अर्धवट राहिली तर कुरकुरत नाही. वजन तीस किलोच्या जागी बारा-तेरा. आमची अर्धपोटी सहा दिवस राहणारी बोट तिच्यासाठीच बनलेली होती. फोनमधल्या लिथियमपेक्षा ही केमिस्ट्री वेगळी आहे, सहजी पेट घेत नाही. १९९७ मध्ये टेक्सासमधल्या जॉन गुडइनफ यांच्या लॅबमधून तिच्यावरचा जो पेपर आला, त्यावर पहिलं नाव ए. के. पाढी यांचं आहे. गुडइनफ यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. (केटी लागलेल्या मित्रांना मी हे आवर्जून सांगते.)

पण काकांनी एक प्रश्न विचारला आणि मी गप्प झाले. ‘तुझी बॅटरी मरताना खोकते का?’

नाही खोकत. एलएफपीचं व्होल्टेज भरलेली असताना आणि वीस टक्के उरलेली असताना जवळजवळ सारखंच असतं. मल्टिमीटरवर काहीच कळत नाही. किती आत गेले, किती बाहेर आले हे मोजणारा शंट आणि मॉनिटर लावावाच लागतो. शिवाय आत बीएमएस नावाचं सर्किट असतं, व्होल्टेज फार खाली गेलं किंवा करंट फार वाढला की ते बॅटरी तोडून टाकतं. बॅटरीसाठी छान. तुमच्यासाठी, एका सेकंदात पूर्ण अंधार. आणि त्या क्षणी इंजिन चालू असेल आणि अल्टरनेटर थेट तिलाच जोडलेला असेल, तर अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. दुसरं असं की एलएफपी इतक्या हावरटपणे करंट ओढते की छोटा अल्टरनेटर तापून जळतो.

त्यामुळे शेवटी जे लागलं त्यात दोघंही जिंकलो. इंजिनसाठी वेगळी, छोटी एजीएम बॅटरी, अल्टरनेटर फक्त तिलाच. तिच्यातून एक डीसी-टू-डीसी चार्जर, तो एलएफपीला तिला सोसेल तेवढंच भरवतो. दिवे, रेडिओ, प्लॉटर एलएफपीवर. आणि काकांच्या हट्टानं एक मोठा स्विच, तो फिरवला की तिरंगी दिवा आणि रेडिओ इंजिनच्या बॅटरीवर जातात. लिथियम एकदम गेलंच तर निदान दिसू आणि बोलू शकू. वर १०० वॉटचं एक सोलर पॅनल. आमच्या उन्हात दिवसाला पंचवीस-तीस एएच देतं, फक्त त्याच्यावर शिडाची किंवा डोलकाठीची सावली पडता कामा नये. चिंचोळी सावलीसुद्धा पॅनलच्या आकाराच्या मानानं कितीतरी जास्त खाते. हे मी मोजलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं.

बजेटबद्दल प्रामाणिकपणे सांगते. वायर आणि फ्यूज या दोन गोष्टींवर आम्ही आधी कंजूषपणा केला होता. डोलकाठीच्या टोकापर्यंत जाऊन परत येणारी वायर पंचवीस मीटरच्या आसपास भरते. बारीक वायर घातली तर बॅटरीजवळचे १२.५ व्होल्ट वर पोचेपर्यंत गळतात. आणि साधं तांबं खाऱ्या हवेत आतून काळं पडतं, प्लॅस्टिक सोललं की कळतं. टिनचा मुलामा असलेली तांब्याची वायर महाग असते, पण तीच घ्यावी लागते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. कारण शॉर्ट झालं तर बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर पेटते, तिला वाचवणारं कुणी नसतं. काम सुरू करायच्या आधी काकांनी माझ्या बोटातली अंगठी काढायला लावली. त्यांच्या एका सहकाऱ्याचा पाना दोन टर्मिनलांमध्ये अडकून तिथेच वेल्ड झालेला त्यांनी पाहिलाय.

एलएफपीला शून्याखाली तापमानात चार्ज करू नये असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आपल्याकडे त्याचं टेन्शन नाही. आपला शत्रू उकाडा. तापमान दहा अंशांनी वाढलं की शिशाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं असं धरतात. म्हणून आम्ही बॅटऱ्या इंजिनच्या कप्प्यातून काढून तळाशी मधोमध, पाण्याच्या रेषेखाली हलवल्या. तिथे सगळ्यात गार असतं आणि वजनही खाली राहतं. पट्ट्यानं आवळल्या. बोट कलंडली तर बारा किलोची पेटी केबिनभर फिरायला नको.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा मुरूडला गेलो. तीच वेळ, तोच मार्ग. निघताना मॉनिटरवर शंभर. पहाटे खांदेरीजवळ ८१. मी काकांना उठवून दाखवलं. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग मान वर करून डोलकाठीकडे पाहिलं, आणि म्हणाले, ‘रेडिओचं बटण दाब बघू.’ मी दाबलं. तो विझला नाही. चॅनल १६ वर उगाच बोलायचं नसतं, म्हणून लगेच सोडलं.

देखभाल म्हणाल तर आता फार नाही. महिन्यातून एकदा टर्मिनल घट्ट आहेत का बघायचं, हिरवट पावडर आली असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसायचं, वरून व्हॅसलिन. वहीत निघतानाचा आणि परतल्यावरचा आकडा. बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा पंप मात्र कुठल्याही स्विचमधून न जाता, आपल्या वेगळ्या फ्यूजमधून, थेट बॅटरीला. बोट महिनोन् महिने एकटी उभी असते आणि बोटी बुडतात त्या वादळात कमी, जागेवर बांधलेल्या असताना जास्त, असं काका म्हणतात.

जूनमध्ये बोट पुन्हा वर काढली. बॅटऱ्या बोटीवर ठेवायच्या नाहीत हे ठरलेलं, म्हणून दोन्ही काकांच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये नेल्या. शिशाची पूर्ण भरून, महिन्यातून एकदा चार्जरला. लिथियमची पन्नास टक्क्यांवर आणून, तारा काढून. काकूंनी त्यांना गॅलरीत जागा दिली आहे, लोणच्याच्या बरण्यांशेजारी, आणि मला स्पष्ट सांगितलंय की ऑक्टोबरच्या एक तारखेला त्या तिथून हलल्या पाहिजेत.